तिसरी सीडी

गेल्या रविवारी ‘द ग्रेट एस्केप’ पुन्हा एकदा बघितला. कितव्यांदा ते विचारू नका. “या वेळी तरी शेवट बदललाय का?” असं विचारून बायकोने केव्हाच आतली खोली गाठली. शेवट अर्थातच बदललेला नव्हता. १९६३ साली सिनेमा आला तेव्हा जेवढे सुटले होते तेवढेच याही वेळी सुटले.

पण माझ्या बाबतीत या सिनेमाचा शेवट खरंच एकदा बदललाय. ती गोष्ट आधी सांगतो, मग इतिहासात शिरू.

आमचं घर रोह्याला आणि आजोळ पेणला. मामाचा गणपतीचा कारखाना. (बाहेरच्यांसाठी खुलासा: पेणमध्ये कारखाना म्हटलं की कुणाच्या डोळ्यासमोर धुराडं येत नाही, गणपतीच येतात.) २००५ च्या आसपासची गोष्ट असेल. मी इंजिनिअरिंगला होतो. गणपती होऊन गेले होते, पितृपक्ष चालू होता, म्हणजे मामाला वर्षातले तेवढेच काय ते निवांत दिवस. मी नाक्यावरच्या सीडी लायब्ररीतून ‘द ग्रेट एस्केप’ भाड्याने आणला. सिनेमा जवळजवळ तीन तासांचा, त्यामुळे तीन सीड्या. भारनियमनाची वेळ सांभाळून रात्री नऊला लावला. मामाला इंग्रजी येत नाही, पण “लढाईचा आहे” म्हटल्यावर तोही येऊन बसला.

पहिली सीडी झाली, दुसरी झाली. बोगद्याचं तोंड उघडलं आणि एकेक कैदी अंधारात झाडीकडे पळायला लागला, तिथे दुसरी सीडी संपली. तिसरी घातली तर ती चरे पडलेली. दोन मिनिटं चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि बंदच पडली. पुसून बघितली, फडक्याने, बनियनला, सगळं करून झालं. मामा म्हणाला, “सुटले ना? मग झालं तर!” आणि झोपायला गेला.

पुढचे तीन-चार महिने माझ्या डोक्यात ‘द ग्रेट एस्केप’ हा सगळे कैदी सुटून जातात असा सिनेमा होता. हॉस्टेलवर मित्राच्या कॉम्प्युटरवर पुन्हा बघितला तेव्हा तिसऱ्या सीडीत काय होतं ते कळलं.

असो. आता इतिहास.

सिनेमातली छावणी खरी आहे. तिचं नाव श्टालाग लुफ्ट ३. दुसऱ्या महायुद्धात पाडलेल्या विमानांमधले दोस्त राष्ट्रांचे वैमानिक जर्मनांनी इथे ठेवले होते. गावाचं नाव तेव्हा झागान. आज ते पोलंडमध्ये आहे. पळून जाता येऊ नये म्हणूनच जागा निवडलेली आणि बांधकामही तसंच. कैद्यांच्या बराकी जमिनीपासून उचलून खांबांवर उभ्या केलेल्या, म्हणजे खाली कुणी खणतंय का ते पहारेकऱ्याला वाकून बघता यावं. कुंपणाजवळ जमिनीत मायक्रोफोन पुरलेले. शिवाय माती रेताड, खणायला सोपी पण कधी अंगावर कोसळेल याचा नेम नाही.

या सगळ्यावर उपाय शोधणाऱ्यांचा म्होरक्या होता रॉजर बुशेल. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, पेशाने लंडनमधला वकील, ब्रिटिश हवाई दलात स्क्वाड्रन लीडर. मे १९४० मध्ये पकडला गेला होता आणि त्याआधी दोन-तीनदा पळून झालं होतं. (सिनेमात या माणसाचं काम रिचर्ड ॲटनबरोने केलंय. होय, तोच, ज्याने पुढे ‘गांधी’ काढला.) १९४३ च्या वसंतात त्याने एक नाही, तीन बोगदे एकदम सुरू करवले: टॉम, डिक आणि हॅरी. एक पकडला गेला तर दुसरा आहे. आमच्या ऑफिसात सर्व्हरचा बॅकअप घ्यायला सांगितला तरी लोक तोंड वाकडं करतात, इथे बोगद्यांचा बॅकअप होता!

माणसं किती? सहाशेच्या आसपास. कुणी खणणारे, कुणी कपडे शिवणारे, कुणी खोटी ओळखपत्रं हाताने रंगवणारे, कुणी नुसतेच खिडकीत बसून पहारेकरी कुठे गेला याची नोंद ठेवणारे. बोगदा कोसळू नये म्हणून पलंगाच्या फळ्या लावल्या, त्या जवळपास चार हजार. (शेवटी शेवटी लोक कशावर झोपत असतील?) रेडक्रॉसकडून येणाऱ्या दूध पावडरचे डबे एकाला एक जोडून हवेची नळी केली, कॅनव्हासच्या पिशव्यांचा भाता केला, चोरलेल्या वायरीवर दिवे लावले, माती ओढायला रुळांवर चालणाऱ्या छोट्या गाड्या केल्या. हॅरी जमिनीखाली नऊ मीटर होता आणि शंभर मीटरहून जास्त लांब. रुंदी साधारण दोन फूट. आत माणूस आडवाच.

सिनेमात हे सगळं येतं आणि बहुतेक सगळं खरं आहे. वॉली फ्लडी नावाचा कॅनडाचा माणूस, जो छावणीत खरोखर बोगद्यांचं काम बघत होता, तोच सिनेमाचा तांत्रिक सल्लागार होता.

त्या रात्री मामा सगळ्यात जास्त कुठे रंगला असेल? स्टीव्ह मॅकक्वीनवर नाही. खणलेल्या मातीचं करायचं काय, त्या प्रसंगावर. कैदी पँटच्या आत लांबोडक्या पिशव्या बांधतात, त्यात माती भरतात आणि मैदानात फिरता फिरता दोरी ओढून ती पायाशी सोडतात. दुसरा पायाने पसरून देतो. मामा आधीच म्हणाला होता, “खालची माती वर आली की रंगावरून पकडले जाणार हे.” आणि नेमकं तेच होतं! झागानला वरची माती धुरकट करडी आणि खालची पिवळीधमक. पडद्यावरच्या माणसांनाही तीच काळजी होती. सगळं आयुष्य शाडू मळण्यात गेलेल्या माणसाला इंग्रजीची गरजच नव्हती. (हिवाळ्यात तर बर्फ पडल्यावर ही युक्तीही बंद पडली. मग माती छावणीतल्या नाट्यगृहाच्या जमिनीखाली ओतली गेली.)

इथवर पहिल्या दोन सीड्या.

२४ मार्च १९४४ ची रात्र. बेत दोनशे जणांचा होता. बोगद्याचं तोंड उघडलं तर ते झाडीच्या अलीकडे, उघड्यावर निघालं. अंतर मोजण्यात चूक! बाहेरच्या माणसाने दोरी ओढून इशारा द्यायचा आणि मग आतल्याने निघायचं, असं करत करत पहाटेपर्यंत ७६ जण बाहेर पडले. सत्त्याहत्तरावा तोंडाशीच पकडला गेला. सिनेमात बाहेर छान हिरवळ दिसते, प्रत्यक्षात जमिनीवर बर्फ होता आणि थंडी हाडं गोठवणारी. रानातून चालणं अशक्य झालं, लोकांना रस्ते धरावे लागले आणि रस्त्यावर ते सापडत गेले. ७६ पैकी ७३ पकडले गेले. दोन नॉर्वेचे आणि एक हॉलंडचा, असे फक्त तिघे सुखरूप पोचले. पकडलेल्यांपैकी ५० जणांना हिटलरच्या हुकमावरून गोळ्या घालण्यात आल्या. बुशेल त्यात होता.

सिनेमात या पन्नास जणांना एका माळावर एकत्र मारलेलं दाखवलंय. खरं तर त्यांना वेगवेगळ्या ठिकाणी, एकेकट्याला किंवा दोघा-चौघांना गाडीतून नेऊन मारलं. युद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाने मारेकऱ्यांचा माग काढला, १९४७ मध्ये हॅम्बुर्गला खटला चालला आणि काही जण फासावर गेले. मॅकक्वीनची ती जगप्रसिद्ध मोटरसायकल मात्र शुद्ध थाप. तसं कुणी पळालं नव्हतं. पळालेल्या ७६ जणांत अमेरिकन सैन्यदलाचा एकही माणूस नव्हता. तारेवरून मारलेली ती उडीसुद्धा मॅकक्वीनने नाही, त्याच्या बड एकिन्स नावाच्या मित्राने मारलीये.

पुढच्या खेपेला पेणला गेलो तेव्हा मामाला हे सगळं सांगितलं. तो मूर्तीला ब्रश लावत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, “युद्ध कधी संपलं?”

“त्यानंतर वर्षभराने.”

“मग गप बसले असते तर पन्नास पोरं घरी आली असती की.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हापासून मी हा सिनेमा त्या प्रश्नासाठीच बघतोय. आणि हा प्रश्न फक्त झागानचा नाही, आपल्याकडच्या सुटकांनाही तो लागू होतो.

आपण मराठी पोरं सुटकेच्या बाबतीत जरा लाडावलेली आहोत. चौथीच्या इतिहासात आपण पहिलीच सुटका वाचतो ती आग्र्याची. १७ ऑगस्ट १६६६. मिठाईचे पेटारे, अंथरुणात झोपलेले हिरोजी फर्जंद, महाराज निसटतात आणि सुखरूप स्वराज्यात येतात. नेमके कसे निसटले यावर इतिहासकारांचे वाद आहेत, पण पोचले हे नक्की. त्यामुळे सुटका म्हणजे घरी पोचणं हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. पुढे मोठेपणी वाचताना कळलं की महाराज निसटल्यावर त्यांचे वकील रघुनाथपंत कोरडे आणि त्र्यंबकपंत डबीर मागे सापडले, औरंगजेबाच्या माणसांनी त्यांचे हाल हाल केले आणि पुढच्या वर्षी ते सुटले. म्हणजे आग्र्याच्या गोष्टीलाही तिसरी सीडी होतीच. माझ्यापुरती ती चौथीत लागलीच नव्हती.

दुसरी गोष्ट तर आमच्या वाटेवरची. पनवेलहून पेणला येताना कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागतं. लहानपणी एसटीच्या खिडकीतून मी फक्त कर्नाळ्याच्या अंगठ्याकडे बघायचो. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव, जन्म १८४५ चा. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करणाऱ्या या माणसाने १८७९ मध्ये इंग्रजांविरुद्ध बंड उभारलं, पकडला गेला, जन्मठेप झाली आणि एडनच्या तुरुंगात रवानगी झाली. तिथून ते पळाले! कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उखडून पळाले असं सांगतात. पण बाहेर कोण? ना गाव ओळखीचं ना भाषा. पाठलाग झाला आणि लवकरच पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनलाच त्यांचा अंत झाला. झागानला निदान सहाशे हात होते. एडनला एकच माणूस आणि एक दार.

आणि तिसरी गोष्ट, जिला मी ‘आपला ग्रेट एस्केप’ म्हणतो. १९७१ चं युद्ध. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर हा आपला मराठी वैमानिक. १० डिसेंबर १९७१ ला त्यांचं सुखोई-७ पाकिस्तानात पडलं आणि ते रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीत गेले. तिथे भारतीय हवाई दलाचे आणखीही वैमानिक होते. पुढचे आठ महिने पारुळकरांच्या डोक्यात एकच विषय. शेवटी बरोबर आले मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. सुईला लोहचुंबकत्व देऊन होकायंत्र बनवलं, कैद्यांना मिळणाऱ्या भत्त्यातून पैसे साठवले, पठाणी कपडे जमवले आणि कोठडीच्या भिंतीच्या विटा एकेक करून सैल केल्या. १३ ऑगस्ट १९७२ च्या पहाटेआधी, वादळी रात्री तिघं भोकातून बाहेर पडले. सकाळी बसने पेशावर, तिथून जमरूद, तिथून लंडी कोटल. अफगाणिस्तानची सरहद्द उरली साधारण चार मैल!

लंडी कोटलला त्यांनी विचारलं, लंडी खानाला कसं जायचं? त्यांच्याकडच्या जुन्या नकाशात रेल्वे लंडी खानापर्यंत जात होती. प्रत्यक्षात ते स्टेशन १९३२ पासून बंद. चाळीस वर्षं बंद पडलेल्या स्टेशनचा पत्ता विचारणारे हे तीन अनोळखी कोण, म्हणून लोकांना संशय आला आणि तिघं पकडले गेले. आपण पाकिस्तानी हवाई दलाचेच आहोत असं त्यांनी सांगून बघितलं. प्रकरण गळ्याशी येतंय असं दिसल्यावर पारुळकरांनी छावणीच्या आधीच्या प्रमुखाला, उस्मान हमीद यांना फोन लावायला सांगितलं. उस्मान यांनी ‘ही आपलीच माणसं’ असं सांगितलं म्हणून तिघांचे जीव वाचले.

हा नकाशाचा भाग वाचला की मला आमचं रोहा आठवतं. १९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत आली आणि काही वर्षं रोहा म्हणजे रुळांचा शेवट होता. माझ्या ताईच्या जुन्या नकाशांच्या पुस्तकात ती काळी रेघ रोह्याशी येऊन थांबलेली होती. पुढे कोकण रेल्वे आली आणि रेघ थेट खाली कर्नाटकापर्यंत गेली. नकाशा छापला की तिथेच थांबतो, जमीन पुढे जाते. आमचा नकाशा जुना निघाला तर फार तर गाडी चुकली असती. त्यांचा जुना निघाला आणि चार मैल राहून गेले.

आता मामाचा प्रश्न इथे लावा. सिमला करार २ जुलै १९७२ लाच झाला होता. १ डिसेंबर १९७२ ला पाकिस्तानातले भारतीय युद्धकैदी वाघामार्गे परत आले, त्यात हे तिघंही होते. म्हणजे साडेतीन महिने गप्प बसले असते तरी घरीच पोचले असते! मग जीव धोक्यात घालून पळाले कशाला?

बरीच वर्षं विचार करून माझं उत्तर असं आहे. मे १९४५ ही तारीख आपल्याला माहीत आहे, १ डिसेंबर १९७२ ही पण. बुशेलला माहीत नव्हती, तो तर चार वर्षं आत होता. पारुळकरांनाही माहीत नव्हती. करार झाला होता, पण घरी कधी सोडणार हे कुणी सांगत नव्हतं. आपण इतिहास शेवटच्या पानावरून वाचतो आणि मग मधल्या पानांवरच्या लोकांना शहाणपण शिकवतो. आत बसलेल्या माणसासमोर तारीख नसते. असते ती भिंत, आणि हाताशी असलेला एखादा डबा, एखादी फळी, एखादी सुई.

पण एवढ्याने मामाचा प्रश्न पूर्ण मिटत नाही, हेही कबूल करतो. पारुळकरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतःचा जीव पणाला लावला. बुशेलने दोनशे जणांची यादी केली होती, आणि पुन्हा पकडलं गेल्यास गोळी मिळेल अशी ताकीद त्याला मिळालेली होती. तरीही त्याने बोगदा उघडला. त्या पन्नास जणांच्या आयांना ‘तारीख कुणाला माहीत होती’ हे उत्तर पुरलं असतं का? मला नाही वाटत.

मग सिनेमा साठ वर्षांहून जास्त टिकला कशावर? यशावर नक्कीच नाही. त्याच युद्धात, झागाननंतर दीडेक महिन्याने, ११ मे १९४४ ला फ्रान्समधल्या एपिनाल गावावर अमेरिकन बॉम्ब पडले आणि तिथल्या छावणीची भिंत फुटली. आत भारतीय सैनिक कैदी होते. त्यातले सुमारे पाचशे जण, गावकऱ्यांची मदत घेत, चालत चालत स्वित्झर्लंडला पोचले. तीन कुठे आणि पाचशे कुठे! पण एपिनाल तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? झागानला पॉल ब्रिकहिल नावाचा कैदी होता. बंद जागेत जीव घाबरायचा म्हणून त्याला बोगद्यातून जाता आलं नाही. तो वाचला आणि १९५० मध्ये त्याने पुस्तक लिहिलं, त्यावर सिनेमा आला. आपल्या पाचशे जणांमधून असा लिहिणारा पुढे आला नाही. पारुळकरांच्या सुटकेवर पुस्तक आलं ते २०१३ मध्ये, एका कॅनडाच्या बाईंचं, आणि ‘द ग्रेट इंडियन एस्केप’ हा सिनेमा २०१९ मध्ये. पारुळकर ऑगस्ट २०२५ मध्ये गेले. सुटकेच्या तारखेच्या आसपासच.

लिहिणारा मिळाला हे एक कारण. दुसरं कारण मला मामाच्या चेहऱ्यावर दिसलं होतं. माणसं आपापलं काम किती मन लावून करतायत हे तीन तास बघायला मिळतं. शिंपी शिवतोय, रंगारी रंगवतोय, खणणारा खणतोय. यातलं काही टिकणार नाही हे त्यांनाही माहीत आहे, तरी शिलाई नीट हवी. आम्हा आयटीवाल्यांना तर हे फारच भिडतं. दोन-दोन वर्षं खपून केलेला प्रोजेक्ट एका मेलने रद्द झालेला मी स्वतः अनुभवलाय. त्या आठवड्यात मी दोनदा ‘द ग्रेट एस्केप’ बघितला होता :-)

गेल्या रविवारी पेणलाच होतो. कारखाना आता मामेभाऊ बघतो, पण डोळ्यांची आखणी अजूनही मामाकडेच. हल्ली सीड्या नाहीत, सिनेमा लॅपटॉपवर लावला. पँटमधून माती सोडण्याच्या प्रसंगाला मामा हातातलं काम ठेवून येऊन उभा राहिला. पुढे बोगद्याचं तोंड उघडलं, माणसं झाडीकडे पळायला लागली, तेव्हा तो परत जायला वळला.

“थांब की मामा, शेवट बघ.”

“बघितलाय मी,” तो म्हणाला. “त्या फ्लडीचं काय झालं? बोगदा केला तो?”

मी सांगितलं, की पळायच्या थोडंच आधी जर्मनांनी त्याला दुसऱ्या छावणीत हलवलं. ज्याने बोगदा केला त्याला त्यातून जायला मिळालं नाही. म्हणूनच कदाचित वाचला.

मामा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “पण बोगदा चांगला केला होता,” आणि अर्धवट राहिलेल्या डोळ्याकडे परत गेला.

मी शेवटपर्यंत बघितला. तुम्हीही बघा, आणि बघितला असेल तर पुन्हा बघा. फक्त तिसरी सीडी वगळू नका.